गिरणीवाल्याचा मुलगा

माझे सासरे यॉर्कशरमधले इंग्रज. मी लीड्सच्या हॉस्पिटलमध्ये पेशंटना भूल देते, नवराही तिथेच भेटला. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ‘या देशात बाहेरचे फार झाले’ हे वाक्य माझ्या टेबलावर, माझ्या हातचं जेवत, सासरे सहज बोलत. नवरा तेवढ्यात पाणी आणायला उठे.

रिटायर झाल्यावर त्यांना कळलं की आपले पणजोबा जर्मनीतल्या एका खेड्यातून आले होते. ते मात्र बाहेरचे नव्हते, ते पूर्वज होते. पुण्यात कॉलेजला असताना मी जर्मन शिकले होते हे त्यांना तेव्हा आठवलं आणि त्यांनी पहिल्यांदाच मला स्वतःहून फोन केला.

त्या खेड्यातल्या चर्चची बाप्तिस्म्याची रजिस्टरं ऑनलाइन होती. पण ते जुनं हस्ताक्षर आजच्या जर्मन माणसालाही धड वाचता येत नाही. ‘ई’ आणि ‘एन’ सारखेच दिसतात, ‘यू’च्या डोक्यावर आकडी असते. अक्षरांचा तक्ता समोर ठेवून मी आख्खा हिवाळा त्यात घातला. त्यांच्यासाठी नव्हे. मला ते जमत नाही असं त्यांना म्हणता येऊ नये, म्हणून.

सासऱ्यांना हवी ती नोंद त्यांनी वेबसाइटवरच्या इंग्रजी सूचीतून आधीच शोधून ठेवली होती. पणजोबांचंच नाव, जन्मसालही तेच, आणि बाप पाणचक्कीच्या गिरणीचा मालक. गिरणीचा फोटो फ्रेम करून हॉलमध्ये लावलासुद्धा होता. पण मुलाच्या नावाशेजारी एक छोटा क्रॉस होता, तो त्यांनी बघितला नव्हता. मूल लहानपणीच गेलं की पाद्री मागाहून तशी खूण करत. मी त्याच चर्चचं दफनाचं रजिस्टर काढलं. गिरणीवाल्याचं ते बाळ पहिला वाढदिवस व्हायच्या आत गेलं होतं. पुढच्याच पानावर त्याच नावाचा दुसरा मुलगा होता, रोजंदारीवर राबणाऱ्या एका मजुराचा. त्याच्या नावापुढे क्रॉस नव्हता आणि तो पुढे इंग्लंडला गेल्याची टीपही होती.

मी दोन्ही पानं सासऱ्यांपुढे ठेवली. क्रॉस म्हणजे चर्चची खूण, असं ते म्हणाले. मग सगळ्याच मुलांना का नाही, असं मी विचारलं.

“तुमच्याकडे जात बघतात ना,” ते म्हणाले, “म्हणून तुला मजूरच दिसला.”

नवरा खोलीत होता. त्याने ऐकलं आणि खिडकीबाहेर बघितलं. त्या दिवशी मला सासऱ्यांपेक्षा त्याचा जास्त राग आला, अजून आहे.

सासऱ्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला पबची वरची खोली घेतली होती. सगळ्या नातेवाइकांना त्यांनी छापलेली पुस्तिका वाटली. मुखपृष्ठावर गिरणी. आत पणजोबा गिरणीवाल्याचे चिरंजीव. आणि शेवटच्या पानावर आभार: जुन्या जर्मन नोंदी आमच्या सुनेने वाचून दिल्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खोटं त्यांचं, आणि साक्षीला मला उभं केलेलं. मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “माझा उल्लेख काढून टाका. मी हे वाचलेलं नाही.”

नवऱ्याच्या आत्याने विचारलं, मग काय वाचलंस? मी सांगितलं. बाळ, क्रॉस, दफन, मजूर, सगळं. सासरे पांढरेफटक पडले होते. मला दया आली असती तर बरं वाटलं असतं. ती आली नाही.

गाडीत नवरा म्हणाला, “आजचा एक दिवस सोडून द्यायचा होतास.”

“तू बारा वर्षं सोडून देतोयस,” मी म्हणाले.

त्यानंतर सासरे आमच्याकडे जेवायला आले नाहीत. मीही बोलावलं नाही. नवरा महिन्यातून एकदा एकटाच जाऊन येतो. हॉलमधली गिरणी तशीच आहे, असं तो सांगतो. आत्याने मजुराच्या नोंदीची कॉपी मागितली, ती मी खाली इंग्रजी भाषांतर टाइप करून तिला पाठवली. सासऱ्यांनी मागितलेली नाही.