उंबरठ्याच्या जागी कोयता
काल नातसुनेच्या गृहप्रवेशासाठी माप तांदळानं भरलं आणि माझ्या नाकात उसाच्या ओल्या पाचटाचा वास दाटला. माझं लग्न झालं ते दुष्काळाचं साल होतं. आमच्या पाथर्डीकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरत. एकट्या गड्याला मुकादम ऊसतोडीला नेतच नसे. म्हणून ते घाईनं उरकलं आणि मांडवातून मला थेट बैलगाडीत बसवलं. सासरच्या घराला आधीच कुलूप लागलं होतं. कारखान्याच्या तळावर आमची पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, उभी राहिली, पण तिला उंबरठा कुठला? सासूनं दारात कोयता आडवा ठेवला आणि त्याच्यापुढं ज्वारीनं भरलेलं माप मांडलं. मी पाय उचलला तशी ती घाईनं म्हणाली, "लवंडू नगं गं बाई, नुसतंच वलांडून ये. सांजच्याला तेच दळायचं हाय." मी पाय आखडून आत गेले. हंगाम संपून गावी परतलो तेव्हा सासू गाडीत नव्हती. तापानं तिला तिथंच नेलं होतं. नवऱ्यानं कुलूप काढलं, पण खऱ्या उंबरठ्यावर माप मांडायला आता कोणी नव्हतं. तिचा कोयता बगलेत धरून मी आत शिरले आणि चूल पेटवली. काल नातसून नव्या फरशीवर तांदूळ सांडतील म्हणून मापाला पायाचं नुसतं बोट लावत होती. मी ओरडलेच, "मार पोरी जोरात पाय! सांडू दे सगळं."