साळुंकीचा अर्ज

"उसका सरनेम तो बदल ही जाएगा ना, भिया," कन्सल्टंट म्हणाला आणि काका हसले. पाकिटांचे नमुने घेऊन मी दारात पोचले, तसे दोघं उकाड्याबद्दल बोलायला लागले.

काकांचा पोलोग्राउंडच्या औद्योगिक वसाहतीत शेवेचा कारखाना आहे. नव्या पाकिटावरचं चित्र मी काढलं: चोचीत शेवेची काडी धरून, एक पाय उचलून उभी असलेली साळुंकी. त्याची कोणी नक्कल करू नये म्हणून काकांनी या कन्सल्टंटकडून कॉपीराइटचा अर्ज भरवला होता. अर्ज कुठवर आला ते त्याच्या ॲपवर दिसायचं. ॲप इंग्रजीत आणि घरात इंग्रजी शाळेत गेलेली मी एकटी, म्हणून रोज चहाच्या वेळी काका त्यांचा फोन माझ्यापुढे धरायचे. मी वाचून सांगायचे, हरकतींची मुदत अजून चालू आहे. महिनाभरात कोणी हरकत घेतली नाही, तर अर्ज पुढे सरकणार होता.

फोन मात्र ते हातात देत नसत. आधी मला त्यात काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी कन्सल्टंटचं बोलणं ऐकलं आणि वाटायला लागलं. मग आठवलं, अर्जाच्या वेळी चुलतभावाच्या, म्हणजे दादाच्या, आधारकार्डाची झेरॉक्स नेली होती. माझी कोणी मागितली नव्हती. दादानं शाळा सुटल्यापासून रंगाला हात लावलेला नाही.

दुसऱ्या सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली आणि काका फोन टेबलावर ठेवून उठले. मी पटकन अर्जाचा तपशील उघडला. अर्जदार, काकांची फर्म. चित्रकार, दादा.

टायपिंगची चूक असेल, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. काका परत येऊन बसले तेव्हा फोन माझ्या हातातच होता. त्यांनी काही लपवलं नाही, उलट समजावलंच. लग्नानंतर मुलीचं आडनाव बदलतं, मग सरकारी कागदात दुरुस्तीची झंझट. दादाचं नाव कसं, कायम राहतं. आणि नाव घरातच तर आहे. माझं लग्न ठरलेलंसुद्धा नव्हतं.

"एका चिमणीसाठी रुसून बसणार का आता?" काकू म्हणाली. दादा मान खाली घालून पोह्यातले दाणे वेचत होता. त्याला हे किती दिवसांपासून माहीत होतं, कोण जाणे.

काकांनी फोन मागायला हात पुढे केला. या घरात मी मोठ्यांना कधी उलटून बोललेले नाही. फोन दिला नाही. मी म्हणाले, "ती साळुंकी मी काढलीय, काका. आज माझं नाव घाला, नाही तर उद्या या अर्जावर मीच हरकत घेईन."