व्याही आणि गच्चीवरचा केर

दुसऱ्याच्या घरच्या केरावर आमच्या व्याह्यांइतका जीव टाकणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात सापडायचा नाही. लोकांचे व्याही आले की आधी लेकीची चौकशी करतात. आमचे तळा गावाहून एसटीने येतात, ओटीवर पिशवी टेकवतात आणि विचारतात, "विहीणबाई, गच्ची झाडली नाहीत ना?"

शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस. मी चौथी पास. त्यांचं म्हणणं, उल्कांची बारीक धूळ आकाशातून सारखी पडत असते, गच्च्यांवर साचते आणि त्यातली बरीचशी लोहचुंबकाला चिकटते. म्हणून ते चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून केरावरून फिरवतात, चिकटेल ते धुतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली डोळा लावून बसतात. अडचण एवढीच, की त्या धुळीचे कण बारीक गोळ्यांसारखे असतात आणि माणसाच्या हातचे गोळेही तसेच दिसतात. फटाक्यांचे, गाड्यांच्या ब्रेकचे, वेल्डिंगचे. मांडव्यापासून अलिबागपर्यंत बंगले उठताहेत, रोज कुठेतरी गेट जोडतात. आजवर त्यांना सापडलं ते सगळं माणसाचंच. एकदा ऐन सणाला त्यांनी माझ्या पुरणाच्या चाळणीतून केर चाळला. मी भांडले नाही. त्यांना आमटीभात वाढला आणि चाळणी त्यांच्या नावाने जिन्याखाली खुंटीला लावली.

ते शेजाऱ्यांच्या गच्च्या मागत फिरत, तेव्हा सुनेला मेल्याहून मेल्यासारखं होई. मासळीवाली तर तिला भर रस्त्यात विचारी, "गो, तुज्या बापाचा काय हरवलाय?" गेल्या दिवाळीनंतर सून त्यांना म्हणाली, "बाबा, पुरे आता." नेमका तेव्हाच आमच्या गच्चीच्या भेगेत त्यांना एक काळा गोळा मिळाला होता. ते म्हणाले, हा माणसाचा निघाला तर चुंबक तुझ्या हवाली.

आकाशातून येताना वितळून गोठलेल्या कणाच्या अंगावर म्हणे शिंपल्यासारख्या रेघा असतात. ह्याच्यावर त्यांना रेघा दिसत, मला ओरखडे. शेवटी ते स्वतःच उठले, गच्चीच्या लोखंडी कठड्याच्या सांध्याखालचं खरवडून आणलं आणि शेजारी ठेवून पाहिलं. जुळी भावंडं. गप्प बसले असते तर आम्हाला काय कळणार होतं?

"कठडा कधी बसवलात, विहीणबाई?"

"तुमच्या लेकीच्या हळदीच्या आदल्या दिवशी. वर मांडव होता, पाहुणे पडायला नकोत."

त्यांनी चुंबकाची पिशवी सोडवली. मग लेकीच्या हातात चुंबक देत म्हणाले, "तुझ्याच लग्नातला निघाला बघ." गोळा मात्र कुंकवाच्या रिकाम्या डबीत घालून घेऊन गेले.

तेव्हापासून ते येतात, ओटीवर बसतात आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात. मला ते आवडत नाही.

परवा ते यायचे होते. सुनेने सकाळी गच्ची झाडली, पण केर टाकलेला कुठे दिसेना. तिच्या हवाली झालेलं, फ्रिजवरचं चुंबकही दिसेना. दोन्ही जिन्याखाली सापडली, त्या चाळणीत. एसटीला उशीर होता, तेवढ्यात मी उगाच ओटीवर येऊन रस्ता बघून गेले.