काउंटेसचा हातमोजा

वसुधाला या देशात पगार घेण्याची परवानगी नव्हती. नवऱ्याच्या, गिरीशच्या, व्हिसाच्या शेपटाला तिचा व्हिसा बांधलेला. नागपूरच्या कॉलेजात इतिहास शिकवणारी ही बाई ईडन प्रेरीच्या अपार्टमेंटमध्ये खिडकीबाहेरचा बर्फ बघत बसली, आणि मग एका लहानशा संग्रहालयात फुकट रशियन चित्रं समजावून सांगू लागली. शनिवारची दुपार तेवढी तिची.

आता गिरीशला दूरच्या हर्नडन शहरातून नोकरीचं बोलावणं आलं होतं. "दोघं मिळून ठरवू," तो म्हणाला होता. तिला जायचं नव्हतं. तिने त्याला एवढीच गळ घातली, की एकदा माझी टूर ऐकायला ये. आपल्याला चित्रांसमोर उभं असलेलं त्याने पाहिलं की त्याचं त्यालाच समजेल, नाही म्हणायला तोंड उघडावं लागणार नाही, अशी तिची आशा.

त्या शनिवारी मराठी मंडळाची माणसं आली होती, म्हणून ती मराठीतच बोलत होती. काउंटेस वार्वारा या जुन्या काळातल्या रशियन सरदारणीच्या चित्रापाशी ती थांबली.

"हिच्या स्वतःच्या नावावर तीन गावं होती. नवऱ्याला त्यातली वीतभर जमीन विकता येत नव्हती. पण हिचं नाव त्याच्या पासपोर्टावर. त्याची बदली झाली की हिने मागोमाग जायचं, कायदाच तसा." मग तिने नेहमीचा प्रश्न विचारला. "एक हातमोजा हातात घातलेला, एक मांडीवर. ही निघालीय की नुकतीच आलीय?"

"उकडत असेल बिचारीला," मंडळातला प्रसन्न म्हणाला.

"सगळे तुझ्यासारखे नसतात, बर्फात हाफ पँट घालणारे," सीमा, त्याची बायको.

त्यांची मुलगी आन्या चित्राच्या अगदी जवळ गेली होती. "शी इज लीव्हिंग हिम, वसुधा मावशी."

"गप गं," सीमा म्हणाली.

वसुधाने गिरीशकडे पाहिलं. तो मागे उभा होता, हातात गाडीची किल्ली, दंडावर तिचा कोट.

"निघालीच असणार," तो म्हणाला. "नवरा केव्हाचा खाली घोडे जुंपून बसलाय."

सगळे हसले. वसुधाही हसली आणि पुढच्या चित्राकडे वळली.

"छान बोलतेस गं," पार्किंगमध्ये तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. "तिथे वॉशिंग्टन जवळ. म्युझियमच म्युझियम. मजा आहे तुझी."

"तिथे म्हणजे?"

"होकार कळवला मी. कालच. कंपनीवाले थांबेनात यार."

"मिळून ठरवणार होतो."

"पण तू नाही कुठे म्हणालीस?"

त्यात खोटं काहीच नव्हतं. ती गाडीत बसली. हीटर अजून गार हवाच फेकत होता.

"खरं सांग," गिरीशने गाडी मागे घेता घेता विचारलं, "गेली का शेवटी ती काउंटेस?"

"गेली. त्याच्या मागोमाग."

"मग लोकांना विचारतेस कशाला?"

तिने एक हातमोजा घातला होता. दुसरा मांडीवर पडला होता. गाडी मोठ्या रस्त्याला लागली तसा तिने तोही चढवला.