सरांच्या फोटोवरचं अष्टगंध

"त्यांच्यातले असून किती टापटीप राहायचे ना सर? सांगितल्याशिवाय वाटायचंच नाही."

विभागप्रमुख मॅडम हे कौतुकानं बोलल्या. शोकसभेआधी सरांच्या फोटोला हार घालता घालता. सर जाऊन आठवडा झाला नव्हता. समोर मी उभी. सर ज्यांच्यातले, त्यांच्यातलीच. मॅडमना ते माहीत नव्हतं, कारण मी कधी सांगितलं नव्हतं. मी मान हलवली.

मग त्यांनी अष्टगंधाची डबी माझ्या हातात दिली. "तू लाव गं. तुझा हात नेटका आहे."

मी लावलं.

सर बौद्ध होते. घरात देव नाही, गंध नाही, उदबत्ती नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं, चेंबूरच्या त्यांच्या घरी मी कितीदा जेवले असेन. तरी बोट बुडवलं आणि काचेवर त्यांच्या कपाळाला टेकवलं. हात जरासुद्धा कापला नाही. आता ते आठवलं की अंग आकसतं.

मुलुंडच्या याच कॉलेजात सरांनी मला मराठी शिकवलं. पहिल्या तासाला ते आपलं नाव, गाव आणि "आम्ही बौद्ध" हे एका दमात सांगायचे आणि फळ्याकडे वळायचे. मागच्या बाकांवर खुसखुस व्हायची. सर लिहीत राहायचे. मी घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्तीतून यायचे. कुणी जात विचारली की मी विषय बदलायचे. आणि हा माणूस न विचारता सांगतो.

स्टाफरूममध्ये त्यांच्या सुकटीच्या वासाची तक्रार झाली होती. तेव्हापासून सर रिकाम्या वर्गात जेवायचे. आम्हाला हाक मारायचे. "या रे, वासाला घाबरत नसाल तर." आम्ही त्यांच्या डब्यात हात घालायचो, ते आमच्या डब्यात. कॉलेजात मी ताठ बसून जेवले ती तिथेच.

पुढे सरांनीच शब्द टाकला आणि मला इथे तासिका तत्त्वावर नोकरी लागली. तास कुणाला किती द्यायचे, ते मॅडम ठरवणार. त्या मी शिकून गेल्यावर कॉलेजात आलेल्या. माझं आडनाव गावावरून पडलेलं, कुठेही खपणारं. मॅडम त्यांना हवं ते धरून चालल्या. मी धरू दिलं. डब्यात बटाट्याची भाजी न्यायला लागले. स्टाफरूमच्या मोठ्या टेबलाशी मला जागा मिळाली. सरांच्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष. एका दुपारी ते डबा घेऊन दारावरून चालले होते. मला बघून थांबले.

"जेवतेयस ना नीट?"

"हो सर."

"जेव."

रागावले असते तर बरं झालं असतं. ते निवृत्त झाले, आजारी पडले. मी मोसंबी घेऊन भेटायला जायचे. हवापाण्याच्या गप्पा मारायचे आणि उठायचे.

शोकसभेला सरांच्या पत्नी आल्या. आम्ही त्यांना काकी म्हणतो. पांढरी साडी, हातात मेणबत्त्या. फोटोसमोर थबकल्या.

"हे कोणी लावलं?"

मॅडम पुढे झाल्या. "पद्धत असते ना आपल्याकडे, ताई."

"ह्यांची नव्हती."

"असू द्या हो. आजच्या दिवशी कशाला जातपात काढायची?"

जातपात कोण काढत होतं? सगळा हॉल खाली बघत बसला. काकी एकट्या. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं मला. माझ्या बोटाला तो केशरी रंग तसाच होता.

मी बाटलीतल्या पाण्यानं ओढणीचं टोक भिजवलं आणि काच पुसली.

"मी लावलं, काकी. माहीत असून लावलं." मग मॅडमकडे वळले. "मीही बौद्ध आहे."

"तू? अगं, वाटत नाहीस."

"कसं वाटायला पाहिजे, मॅडम?"

त्या हाराची फुलं नीट करत राहिल्या. काकींनी मेणबत्ती लावली आणि त्रिशरण म्हणायला सुरुवात केली. मी मागोमाग म्हणाले. मोठ्यानं म्हणाले.

निघताना काकी माझ्यापाशी आल्या. "ह्यांनी वाट बघितली गं तुझ्या बोलण्याची." पाठीवर हात ठेवला नाही. ठेवायलाही नको होता.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन. "सगळ्यांसमोर काय गं ते? सॉरी म्हण आणि विषय संपव."

"कशाबद्दल सॉरी?"

"मग पुढच्या टर्मचे तास अवघड आहेत, सांगून ठेवते."

"सॉरी नाही म्हणणार, मॅडम."

तास गेले तर घर कसं चालवायचं, ठाऊक नाही. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण माझं तोंड उघडलं ते सर गेल्यावर. ते जिवंत असताना नाही. ही लाज त्या भीतीहून मोठी आहे आणि ती कमी व्हावी असं मला वाटतही नाही.

तास काढले तर का काढले, ते मी लेखी मागणार. आणि यापुढे जिथे विचारतील तिथे सांगणार. जिथे विचारणार नाहीत, तिथे आधी सांगणार.