धरणाऱ्याचे चारशे

भाव सांगताना तो दोन बोटं वर करायचा. आधी एक, मग दुसरं. "एक चढनाऱ्याचा, एक धरनाऱ्याचा. जमत असंल तं सांगा जी." एवढं बोलून तो छताकडे बघत उभा राहायचा. समोरचा किती का कटकट करेना, त्याची मान खाली येत नसे.

घरात दिवे लावून देणारी माणसं गोंदियाजवळच्या आमच्या कुडव्यात कमी नाहीत. तुम्हीही कुणाला तरी बोलावलं असेलच. खिशात टेस्टर घालून येतात, घरातलंच स्टूल मागतात, ट्यूब लावतात, दीडशे रुपये घेतात आणि जातात. हा मात्र स्वतःची घोडी घेऊन यायचा. घोडी म्हणजे मधून उघडणारी, दोन्हीकडे पाय असलेली शिडी. तो गाडी चालवायचा, मागे त्याची बायको बसलेली असायची आणि घोडी तिच्या खांद्यावर. समोरून येणारे आपोआप रस्त्याच्या कडेला व्हायचे.

धरणारी तीच होती. तो वर गेला की ती दोन्ही हातांनी घोडी धरायची आणि त्याच्या टाचांकडे बघत राहायची. बोलायची नाही. त्याने हात खाली केला की हवी ती वस्तू त्याच्या हातात ठेवायची, कधी पक्कड, कधी स्क्रू. तो कधी मागत नसे. काम लांबलं की ती एकच शब्द बोलायची, "उतरा." मग तो निमूट खाली यायचा, पाणी प्यायचा आणि पुन्हा चढायचा.

लोक हसायचे. नवरा-बायकोचे वेगवेगळे पैसे कसे, म्हणायचे. गोंदियाच्या बाजारातल्या एका कापडवाल्याने माझ्यासमोरच त्याला विचारलं होतं, "भैया, ये तो सिर्फ खड़ी रहती है. इसका काहे का पैसा?"

हा छतावरची नजर न काढता म्हणाला, "सेठ, आप भी तो गद्दी पे सिर्फ बैठे रहते हो."

कापडवाल्याने दोघांचे पैसे दिले. वर चहाही पाजला.

आम्ही भाड्याच्या घरात होतो तेव्हा तो पहिल्यांदा आमच्याकडे आला. दोन ट्यूब आणि एक पंखा. मी घासाघीस सुरू केली होती, पण माझ्या बायकोने मला गप्प केलं. "देऊन टाका हो. ती कशी वर बघते ते पाहा जरा." मी पाहिलं नाही. पैसे तेवढे दिले.

पुढे आम्ही घर बांधलं. दिवे बायकोने निवडले. चार खोल्यांचे चार, आणि जिन्यावर टांगायला एक झुंबर. फार मोठं नव्हतं, काचेच्या सहा वाट्यांचं. वास्तू व्हायच्या आधीच ती गेली. तीन दिवसांचा ताप, बस. मी सामान हलवलं आणि एकटा राहायला गेलो. दिवे खोक्यांतच होते. वायरींना लोंबणारे साधे बल्ब मला पुरत होते. शाळेत जायचो, शिकवायचो, यायचो. भूक लागायची, झोपही यायची. लोक भेटायला येऊन रडायचे आणि मी त्यांना पाणी द्यायचो. मला काहीच होत नव्हतं. हे सांगायला बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

चार महिन्यांनी मुलीने पुण्याहून फोनवर तगादा लावला, "बाबा, आईचे दिवे तरी लावून घ्या." म्हणून मी त्याला बोलावलं.

त्याने सगळं घर फिरून पाहिलं. जिन्यात जास्त वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "चार साधे, दीडशेनं सहाशे. झुंबराचे पाचशे, जागा अवघड आहे. अन् धरनाऱ्याचे चारशे."

"चारशे कशाचे?" मी म्हणालो. "घोडी मी धरतो."

पैशांची अडचण नव्हती. तेव्हा मला कशाचंच काही वाटत नव्हतं, फक्त भाव पाडायची जुनी सवय तेवढी अंगात शिल्लक होती. दुसरं कारण मला आजही सापडत नाही.

त्या दिवशी पहिल्यांदाच त्याने छतावरून नजर काढली आणि माझ्याकडे पाहिलं. "तुमी धरान, सर?"

"धरीन की. त्यात काय आहे?"

तो बाहेर गेला. त्याची बायको गाडीपाशी उभी होती. दोघांचं काहीतरी बोलणं झालं. आत येऊन म्हणाला, "ठीक आहे. धानाची रोवनी चालू आहे. बायको उद्या रोवन्याले जाईल, मी एकटाच येतो."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तो घोडी गाडीला आडवी बांधून आला. चार खोल्यांतले चारही दिवे दुपारपर्यंत लागले. मी धरत होतो. तो हात खाली करायचा आणि काय हवं ते मला कळायचं नाही. "पक्कड द्या जी. ते नाही, लाल मुठीची." चिडला मात्र एकदाही नाही.

मग जिना. वळणावरच्या चौथऱ्यावर त्याने घोडी उघडली आणि वर जाऊन हूक पाहिला. "खोक्यातून झुंबर काढा," म्हणाला. खोकं माझ्या पायाशीच होतं. मी एक हात घोडीवर ठेवून वाकलो. झाकणावर बायकोचं अक्षर होतं. पेनाने लिहिलेलं, 'जिना. सावकाश लावायला सांगणे.'

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. घोडीवरचा हात कधी सुटला ते मला सांगता येणार नाही. आवाज झाला तेव्हा मी वर पाहिलं, पण वर कोणी नव्हतं. तो सात पायऱ्या खाली, भिंतीला लागून पडला होता. डावा पाय वेडावाकडा वळला होता.

मी खाली गेलो. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणाला, "सोडली ना तुमी."

रागाने म्हणाला असता तर सोपं गेलं असतं. पाऊस पडून राहिला आहे असं सांगावं तसं तो म्हणाला.

ऑटो बोलावला आणि त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. टाचेच्या हाडाचा चुरा झाला होता. त्याच्या बायकोला कुणीतरी धानाच्या बांधीवरून बोलावून आणलं. गुडघ्यापर्यंत चिखल तसाच घेऊन ती आली. आधी त्याच्या पायाकडे पाहिलं, मग मला बाजूला घेतलं.

"सर, तुमी कुठं पाहून राहिले होते?"

मी तिला खोक्याचं सांगितलं. बायकोच्या अक्षराचं सांगितलं. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "मले चारशे नको होते. नुसतं बोलावलं असतं तरी मी आली असती. पन त्याहिचं म्हननं, फुकट कायले धरशीन? तुह्या हाताची काही किंमत नाही का?"

मग ती आत गेली.

दवाखान्याचा खर्च मी केला. त्याने नको म्हटलं नाही आणि आभारही मानले नाहीत. दोन्ही बरोबरच होतं. हाड जुळलं, पण टाच पूर्वीसारखी झाली नाही. घोडीच्या दांडीवर तिला भार सहन होईना. त्याचं चढणं त्या दिवशीच संपलं.

त्यांचं घर नागऱ्याच्या वाटेवर होतं. दोन खोल्या, पुढे सारवलेलं अंगण. मी दर रविवारी जाऊ लागलो. कशाला, ते माहीत नव्हतं. बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या फोटोखाली त्याची खाट असायची. मी खुर्चीवर बसायचो. तो शेजाऱ्यांच्या इस्त्र्या, मिक्सर असलं काही मांडीवर घेऊन दुरुस्त करत असायचा. तास-दीड तास असाच जायचा. पडल्याचा विषय त्याने कधीच काढला नाही.

एकदा त्याने विचारलं, "झुंबर लावला का?"

"नाही."

"काऊन?"

खाली पडलेला एक स्क्रू उचलून मी त्याच्या हातात ठेवला.

"जिना अंधारात ठेवू नका जी. मी दोघाले पाठवतो. दोघाचेही पैसे द्याल."

दोघे आले. मी दोघांचे पैसे दिले. झुंबर लागलं. संध्याकाळी जिन्याच्या भिंतीवर वाट्यांच्या सहा गोल सावल्या पडल्या. मी त्या पाहिल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला.

पुढच्या रविवारी त्याने विचारलं, "बाई कशा गेल्या?"

तोवर मला हे बऱ्याच जणांनी विचारलं होतं आणि मी सगळ्यांना 'ताप आला होता' एवढंच सांगत आलो होतो. त्या दिवशी मात्र सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने पाणी मागितलं, बाटली रिकामी होती, मी दवाखान्याच्या खालच्या दुकानात गेलो, तिथे सुट्ट्या पैशांवरून वाद घातला, वर आलो. तेवढ्यातच सगळं झालं होतं. पलंगाभोवती दोन नर्स होत्या आणि एक जण मला म्हणाली, बाहेर थांबा. सांगताना माझा आवाज नेहमीसारखाच होता.

त्याने हातातली इस्त्री खाली ठेवली. मग बायकोला हाक मारून म्हणाला, "सर आज जेवून जातील."

भात होता आणि लाखोळीच्या डाळीचं वरण. मी दोनदा भात मागून घेतला. जेवता जेवता डोळ्यांतून पाणी येऊ लागलं ते थांबेना. ती वाढत राहिली, तो जेवत राहिला.

त्यानंतर दोन रविवार मुलीकडे पुण्याला होतो. परत येऊन गेलो तर त्यांच्या दाराला कुलूप होतं. अंगण झाडलेलं होतं. मी फाटकापाशी उभा राहिलो. शेजारच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली.

"तुमी सर का?"

"हो."

"ते गेले जी. पोरगी गाडी घेऊन आली होती रायपूरहून. दोघालेही घेऊन गेली. आता तिकडंच राहतील."

मला काही सांगून गेले का, असं विचारणार होतो, पण विचारलं नाही.

"बसा," म्हातारी म्हणाली. तिने आतून प्लास्टिकची खुर्ची आणून आपल्या अंगणात ठेवली. "तो सांगून गेला. म्हने, रविवारी एक सर येतील. ते काही बोलत नाहीत, नुसते बसतात. त्याहिले बसू दे, चहा दे, अन् लवकर उठवू नको."

ती चहा करायला आत गेली. त्या अनोळखी अंगणात मी बसून राहिलो.