नर्मदाबाईंनी पारखलेली सायकल

नर्मदाबाईंनी तारापूरच्या एका सूत कारखान्यात सव्वीस वर्षं उभ्याने तुटलेले धागे जोडले. यंत्राच्या थरथरीने हात अधू झाले. आता जरा हादरे बसले, की बोटांना मुंग्या येतात. तरी निवृत्त होताच त्यांनी ठरवलं, जव्हारचा घाट ओलांडून साक्रीला माहेरी जायचं, सायकलने आणि एकटीने.

बोईसरच्या दुकानदाराने बास्केटवाली सायकल पुढे केली. "मावशी, बाजारहाटाला हीच बरी."

"बाजार माझ्या दारातच भरतो. मला घाट उतरायचाय."

"मग ती बारीक टायरची घे, आई," मुलगा दिग्विजय म्हणाला. "एका हाताने उचलता येते."

नर्मदाबाई ती घेऊन बेटेगावच्या खडीच्या रस्त्याने फिरून आल्या. उतरल्या आणि पिशवीतून सुताचे दोन तुकडे काढून गाठ मारू लागल्या. बोटं ऐकेनात.

"ज्या बोटांना गाठ जमत नाही, ती ब्रेक काय दाबणार?" त्यांनी सायकल परत केली.

मग त्यांनी खडीच्या रस्त्यांसाठी बनवलेली, रुंद टायरची ग्रॅव्हल सायकल काढली. रस्ता तोच, अंतर तेवढंच. या वेळी गाठ पहिल्या झटक्यात बसली.

"ही जड आहे हं," दुकानदाराने बजावलं. "चढाला ढकलावी लागेल. या वयात झेपेल?"

"ढकलेन की. चालायला कोण घाबरतंय? उतारावर थांबता आलं पाहिजे."

दिग्विजयने मोटारसायकल सुरू करून मागची सीट पुसली. नर्मदाबाईंनी तिकडे पाहिलंही नाही. पैसे चुकते करून त्या नव्या सायकलचे पेडल मारत पुढे निघाल्या.